हवा घेऊन हैदराबादला

मी नाशिकहून निघाले तेव्हा माझी हवा चार दिवस आधीच पुढे गेली होती. दाबाखालचं सिलिंडर प्रवासी गाडीत नेता येत नाही. मग त्यात विष असो, नाहीतर आपण सगळे फुकट घेतो ती साधी हवा. म्हणून थर्मासएवढी दोन सिलिंडरं खोक्यात बांधून ट्रान्सपोर्टने कुकटपल्लीला पाठवली आणि मी हत्यारांची पिशवी घेऊन मनमाडला काचीगुड्याच्या गाडीत बसले.

लोक हैदराबादला मोती घ्यायला जातात, बिर्याणी खायला जातात. मी गेले ते भिंतीवरचे दोन ऑक्सिजन डिटेक्टर तपासायला. माझं कामच ते. मोकळ्या हवेत ऑक्सिजन असतो वीस पूर्णांक नऊ टक्के. पण जिथे द्रव नायट्रोजन वापरतात, तिथे त्याची वाफ ऑक्सिजनला बाजूला सारून खोली भरून टाकते. तिला वास नाही, रंग नाही. गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस नुसता मंदावतो आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून भिंतीवर डिटेक्टर. साडेएकोणीसच्या खाली आकडा गेला की त्याने बोंब मारायची. आणि त्याला बोंब मारता येते की नाही, हे पाहायला दर सहा महिन्यांनी माझ्यासारखं कुणीतरी यायचं. नेहमी आमचे देशमुख यायचे. त्यांचा गुडघा दुखावला म्हणून या खेपेला मी.

सकाळी काचीगुड्याला उतरले. स्टेशनची इमारत जुनी, घुमटवाली, रुबाबदार. बाहेर मात्र रिक्षावाल्यांचा गराडा. आईची मावसबहीण चिक्कडपल्लीत राहते, तिच्याकडे उतरायचं ठरलं होतं. मालतीमावशीचे सासरे निजामाच्या वेळी कचेरीत होते, नवरा सरकारी खात्यातून निवृत्त होऊन वारला. मावशीचा जन्म तिथलाच, त्यामुळे तिचं मराठी ऐकताना मधूनच दुसऱ्याच गावात शिरल्यासारखं होतं.

“आलीस का गं वैशू? गाडीत परेशान नाही ना झालीस? ठैर, आधी नाश्ता कर, मग नहा.”

नाश्त्याला सर्वपिंडी होती (तांदळाच्या पिठाचं, शेंगदाणे-तीळ घातलेलं थालीपीठ). ती कढईत थापून, बोटाने भोकं पाडून मंद आचेवर करतात. खालून करकरीत, वरून मऊ. मी तीन खाल्ल्या. मावशी म्हणाली, “हौ, खा. तुमच्या नाशकात काय, मिसळच मिसळ.”

मी नाशिकची बाजू घेणार होते, पण तोंड भरलेलं होतं.

चिक्कडपल्लीहून मेट्रो बदलून कुकटपल्ली गाठली. वरून शहर पाहायला मजा येते: गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या मिरच्या, मध्येच एखादा प्रचंड खडक आणि त्याला चिकटून पाच मजली इमारत. इथले खडक जुने भाडेकरू असल्यासारखे जागा सोडत नाहीत.

प्रयोगशाळा औद्योगिक वसाहतीच्या टोकाला होती. लसींसाठी लागणाऱ्या पेशी तिथे नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. प्रमुख पद्मजा मॅडम, चाळिशीतल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पहिलं वाक्य टाकलं ते असं: “परवा तपासणी आहे. मला त्याआधी सर्टिफिकेट पाहिजे.”

दुसरे यादगिरी गारू (गारू म्हणजे आपल्या ‘राव’सारखा मानाचा शब्द). वय पंचावन्नच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. नायट्रोजनची खोली त्यांच्या ताब्यात. मूळ गाव आदिलाबादकडचं, त्यामुळे मराठी चांगलं यायचं. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

खोलीच्या दाराबाहेर पॅनेल होतं. त्यावर आतल्या दोन्ही डिटेक्टरांचे आकडे दिसत होते. २०.९ आणि २०.९.

“छान आहे की,” मी म्हटलं.

“रोज सकाळी मीच करतो ना,” यादगिरी म्हणाले. “आकडा कमी दिसला की बटण दाबायचं, बराबर होऊन जातं.”

ते बटण मला माहीत होतं. डिटेक्टर ताज्या हवेत असला, की ते दाबून त्याला सांगता येतं: बाबा, ही साधी हवा आहे, हिला वीस पूर्णांक नऊ म्हण. मी मान हलवली. खरं म्हणजे तिथेच चार प्रश्न विचारायला हवे होते. पण माझं चित्त माझ्या खोक्यात होतं. ते आलेलंच नव्हतं.

ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला. “आ गया मॅडम, परसोंच आ गया.” हैदराबादी ‘परसों’ म्हणजे परवा नव्हे, हे मला मावशीने नंतर सांगितलं, तो गेल्या आठवड्यापासून निजामापर्यंत कुठेही असू शकतो.

“खोकं नाही आलं तर बटणावर करून टाका ना,” पद्मजा मॅडम म्हणाल्या. “हवाच तर आहे. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी, मी मोकळी.”

खोटं कशाला सांगू, मोह झाला. पॅनेलवरचा आकडा इतका सरळ, इतका शहाण्या मुलासारखा होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण ज्या सर्टिफिकेटावर ‘प्रमाणित वायूने तपासले’ असं छापलंय, त्याखाली बटण दाबून सही करणं माझ्या हातून होईना. मी रिक्षा पकडून गोदाम शोधायला निघाले.

गोदाम शोधायला दोन तास लागले. पहिल्या रिक्षावाल्याने मूसापेटला सोडलं. दुसरा म्हणाला, “बैठो आपा, मेरेकू मालूम,” आणि तीन जणांना विचारत मला बरोबर ठिकाणी नेलं. आत पंख्याच्या पाती, सायकली, सोफे, सगळं एकावर एक. माझं खोकं कुठेच नव्हतं. शेवटी कारकुनाने बोट केलं. अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली, सगळ्या मालापासून वीस पावलांवर, माझं खोकं एकटंच बसलं होतं. अंगावर ओलं गोणपाट.

“गॅस लिखा था उपर,” कारकून म्हणाला. “धूप में फट गया तो? इस वास्ते भिगा के रखे.”

“अहो, त्यात पेटण्यासारखं काही नाही. एकात नायट्रोजन आहे, दुसऱ्यात हवा.” हे मी माझ्या हिंदीत सांगितलं.

“हवा?”

“हां, हवा.”

त्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाशिक से हवा मंगाये? हैदराबाद में हवा नै क्या?”

गोदामातले सगळे हमाल हसले. मीही हसले. मग त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की ही मोजून भरलेली हवा आहे, हिच्यात किती ऑक्सिजन आहे हे कागदावर लिहून दिलंय, सोनाराकडच्या वजनासारखी ती. कारकुनाला सोनाराचं पटलं. त्याने मला चहा पाजला, दुधाळ, इतका गोड की चमचा उभा राहावा. दोन हमालांनी ते हलकं खोकं नवरीच्या पेटीसारखं जपून रिक्षात ठेवलं.

परतेपर्यंत प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ झाली होती. खोकं पहारेकऱ्याच्या हवाली करून मी चिक्कडपल्लीला गेले. मावशीने खड्या मसाल्याच्या फोडणीचा बगारा भात आणि पच्चिपुलुसु केलं होतं (चिंचेचं न उकळलेलं सार, त्यात कच्चा कांदा). उन्हातून आल्यावर ते वाटीने प्यायचं असतं. मी वाट्या मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेआठलाच पोहोचले. अंगणात उभी राहून खिशाचा मीटर सुरू केला. हा शर्टाला अडकवायचा छोटा डिटेक्टर. आत जाणाऱ्याने तो आधी मोकळ्या हवेत लावून बघायचा असतो. आकडा आला २०.९. दाराबाहेरच्या पॅनेलवरही २०.९. दार उघडं होतं, आतून सूं सूं आवाज येत होता. यादगिरी टाक्या भरत होते. मी उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि माझ्या छातीवरचा मीटर किंचाळायला लागला.

१९.१.

मी दोन पावलं मागे आले. तो गप्प झाला. आकडा चढत चढत पुन्हा २०.९. परत उंबरठ्यावर गेले, आणि परत किंचाळी. पॅनेलकडे पाहिलं. ते शांतपणे वीस पूर्णांक नऊच म्हणत होतं. दोघांपैकी एक खोटं बोलत होता, आणि खिशातल्याला मी मिनिटापूर्वीच अंगणात पडताळलं होतं.

मग मी वाकून, हात लांब करून मीटर खाली धरला. थंड नायट्रोजन जड असतो, तो तळाशी बसतो. गुडघ्याच्या उंचीला १८ च्या खाली. आत कोपऱ्यात यादगिरी एका बुटक्या स्टुलावर बसून वहीत आकडे लिहीत होते.

“यादगिरी गारू, बाहेर या!”

त्यांनी मान वर न करता हात दाखवला. दोन मिनिटं.

“आत्ता या! आधी बाहेर!”

सूं सूं आवाजात त्यांना अर्धं ऐकू आलं असावं. ते किंचित हसले आणि पुन्हा लिहायला लागले. त्यांचं पेन फार सावकाश चाललं होतं. माझे पाय आत धावायला निघाले होते, पण आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की अशा खोलीत माणसामागे धावू नये. एकाचे दोन होतात. मी दारात उभी, मीटर कोकलतोय, आकडा हळूहळू उतरतोय. काय करावं सुचेना. मग नजर पॅनेलवर गेली. तिथे भोंगा तपासायचं लाल बटण होतं. ते मी अंगठ्याने दाबून धरलं.

भोंगा असा काही वाजला की वरच्या मजल्यावरून माणसं धावत खाली आली. यादगिरी दचकून उठले. शिस्तीचा माणूस, उठताच आधी हात व्हॉल्व्हकडे गेला, तो बंद केला आणि मग भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. चेहऱ्यावर राग होता.

“काय झालं? वही पडली ना माझी!”

मी त्यांना अंगणातल्या झाडाखाली बसवलं. ओठ फिकुटले होते. पाणी दिलं. पाच मिनिटांत ते ताजेतवाने झाले आणि वही कुठे पडली ते विचारायला लागले.

दार सताड उघडं ठेवून, उभे पंखे लावून खोली मोकळी केली. माझा मीटर आत सगळीकडे २०.९ दाखवायला लागल्यावरच आम्ही शिरलो. मी डिटेक्टरच्या तोंडावर टोपी बसवली, नळी लावली आणि नाशिकची हवा सोडली. दोन मिनिटं थांबले. आकडा चढला आणि थांबला: २३.

“तेवीस?” पद्मजा मॅडम म्हणाल्या. “म्हणजे मशीन बिघडलंय.”

“नाही मॅडम. मशीन ठणठणीत आहे. त्याला खोटं शिकवलं गेलंय.”

रोज सकाळी बंद खोलीत रात्रभर नायट्रोजन साचलेला असायचा. डिटेक्टर इमानाने एकोणीस सांगायचा, वाजायचा. यादगिरी त्या खराब हवेतच उभे राहून बटण दाबायचे, म्हणजे डिटेक्टरला सांगायचे की हीच साधी हवा आहे. तो बिचारा ऐकायचा. दुसराही तसाच निघाला.

पण नायट्रोजन साचत का होता? खालच्या अंगाला हवा बाहेर काढायची जाळी होती, पंखाही फिरत होता. मी इमारतीच्या मागे गेले. जाळीवर प्लायवूडची फळी चार स्क्रूंनी पक्की बसवलेली.

“कबुतरं,” मागून यादगिरींचा आवाज आला. “अंडी घालत होती. पिसं आत यायची, टाक्यांवर पडायची. उगादीला, तुमच्या पाडव्याला, मीच लावली.” मग फळीकडे बघत, “तेव्हापासूनच तो वाजायला लागला, नाही का?”

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्वतःच फळी सोडवली. तिसऱ्या स्क्रूला हात थांबला.

“जेवण झालं की मी आतच बसतो, मॅडम. थंडगार असतं ना. अर्धा तास झोप लागते. बायको म्हणते, तुझं डोकं रोज का दुखतं? मी म्हणतो, वय.”

फळी निघाली. आतली गार हवा त्यांच्या पायांवर आली.

पद्मजा मॅडम तोवर मागे येऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज चढला. “यादगिरी, असं बटण दाबायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

“पुस्तकात लिहिलं होतं, अम्मा,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

तेव्हा मला आठवलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वीची दुपार. देशमुख रजेवर, मी डबा उघडलेला, आणि टेबलावरचा फोन वाजला होता. हैदराबादहून कुणीतरी, तेलुगू वळणाचं मराठी. डिटेक्टर सकाळी सकाळी वाजतो, एकोणीस दाखवतो. मी तोंडातला घास गिळत म्हटलं होतं, “सेन्सर जुना होत आला असेल. हवेवर करून घ्या, बटण दाबलं की होईल.” कुठल्या हवेवर, ते सांगितलं नव्हतं. खोलीची हवा तपासलीत का, हे विचारलं नव्हतं. फोन ठेवून लोणचं वाढून घेतलं होतं.

काल त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं होतं, ते आवाज ओळखून.

“पुस्तकात नव्हतं लिहिलेलं, मॅडम,” मी पद्मजांना म्हटलं. “पुस्तकात ‘मोकळ्या, ताज्या हवेत’ असं आहे. यांनी आमच्याकडे फोन केला होता. तो मी घेतला. मीच सांगितलं.”

मला वाटलं, आता आमच्या साहेबांना फोन लागणार. त्या एवढंच म्हणाल्या, “आणि कबुतरांची फळी लावायची परवानगी मी दिली होती. तोंडीच.” मग यादगिरींना गाडीत घालून दवाखान्यात तपासायला घेऊन गेल्या. दुपारी ते परत आले ते डॉक्टरांना नावं ठेवत: सगळं ठीक आहे म्हणतो, तर मग सुई का टोचली?

त्या दुपारी मी दोन्ही डिटेक्टर मन लावून केले. आधी नायट्रोजन सोडून शून्य, मग हवा सोडून वीस पूर्णांक नऊ. साडेएकोणीसला भोंगा वाजतो का, ते तीनदा पाहिलं. बटणाला पासवर्ड घातला. जाळीला कबुतरांसाठी बारीक तारेची चौकट बसवून घेतली. यादगिरी सगळा वेळ शेजारी उभे राहून विचारत होते: टोपी अशी का, नळी लांब असली तर, दोन मिनिटंच का? असे प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. शेवटच्या वेळी हवा त्यांनी स्वतः सोडली. आकडा वीस पूर्णांक नऊवर थांबला तशी त्यांनी मान हलवली, गाणं जमल्यावर गवई हलवतो तशी.

“आता हा खरं बोलतो,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. पद्मजा मॅडमनी तपासनिसांपुढे वही उघडून घडलं ते सांगितलं. त्यांनी खूप लिहून घेतलं, जाळी पाहिली, आणि महिन्याभरात पुन्हा येऊ म्हणाले. माझ्या गाडीची वेळ झाली होती. निघताना यादगिरींनी एक डबा हातात दिला. त्यांच्या बायकोने पाठवलेल्या सकिनालु (तांदळाच्या पिठाच्या, तीळ-ओव्याच्या नाजूक चकल्या).

“तिला काय सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं, नाशिकहून एक बाई आल्या आणि मला खोलीबाहेर हाकललं. ती म्हणाली, बरं केलं.”

“फोनचं नाही सांगितलंत?”

“ते कशाला?” ते म्हणाले. “तुम्ही आलात ना.”

काचीगुड्याला मावशी फलाटावर दहीभात घेऊन आली होती. चारमिनार राहिला, गोवळकोंडा राहिला, याची तिला माझ्यापेक्षा जास्त हळहळ. गाडी सुटली. शेजारच्या बाईंनी विचारलं, हैदराबादेत काय काय पाहिलंत? मी म्हटलं, एक गोदाम आणि एक खोली. त्यांनी सहानुभूतीने मला केळं दिलं. मी सकिनालु पुढे केल्या. बाहेर खडकांमधून दिवस कलत होता. मला यादगिरींच्या त्या शेवटच्या वाक्याचं समाधान वाटत होतं, आणि तेवढीच लाजही.

नाशिकला आल्यावर अहवाल लिहिला. कारणांच्या रकान्यात दोन गोष्टी होत्या: बाहेरची जाळी बंद, आणि आमच्या कार्यालयातून फोनवर दिलेली अपुरी सूचना. साहेबांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही सूचना कोणी दिली?”

“मी.”

त्यांनी चष्मा काढला. “अगं, हे तू लिहिलं नसतंस तर त्यांना कळलंसुद्धा नसतं.”

“यादगिरींना कळलं होतं, साहेब,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी. त्यांनी मला सांगितलं नाही, इतकंच.”

साहेबांनी ओळ खोडली नाही.